दहिवरातला कनोला

स्प्रूस बेंड, सस्कॅचेवन
१४ जून १९९९

लेस्या बाळा,

तुझं वाढदिवसाचं कार्ड पोचलं. चित्र सुरेख आहे, अक्षर मात्र अजून कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखंच. विद्यापीठाने तुला डॉक्टर केलं, पण आपल्या युक्रेनियन लिपीतले 'स' आणि 'झ' वेगळे काढायला कुणी शिकवलं नाही.

आता माझी बातमी. गेल्या मंगळवारी गोठलेलं दहिवर पडलं. जून लागून आठवडा झाला, लायलॅक फुलायच्या बेतात, आणि सकाळी दार उघडते तर अंगण पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं. तुझे काका असते तर त्यांनी टोपी जमिनीवर आपटून एक कचकचीत शिवी हासडली असती. मी टोपी घालत नाही, म्हणून नुसती शिवी दिली. दुपारपर्यंत कनोल्याची रोपं उकडलेल्या पालकासारखी लोळली. दुसऱ्या दिवशी काळी पडली, आणि वारा सुटला तशी दिसेनाशीच झाली.

गव्हाचं बरं असतं. त्याचा जीव मातीखाली. वरचं पान गेलं तरी तो खालून पुन्हा डोकं काढतो. कनोल्याचा जीव, मोहरीच्या सगळ्या भावंडांसारखा, दोन कोवळ्या पानांच्या मधोमध, उघड्यावर, न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर उभ्या राहिलेल्या पोरीसारखा.

पुन्हा पेरलं. पण हे पिकायला सप्टेंबर उजाडणार, आणि तोवर शरदातलं दहिवर दारात हजर. मग दाणा आतून हिरवाच राहतो. धान्य विकत घेणारा कोठारावरचा माणूस चिमूटभर दाणे चिरडून बघतो आणि तोंड असं करतो, जसं काही मीच ते रंगवून आणले.

शेजारची नेटी फेर दहिवर पडलं त्याच दिवशी रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली पाई घेऊन आली, घरात कुणी गेल्यासारखी. म्हणाली, "देवाची इच्छा, स्तेफा." मी म्हटलं, "एकदा त्याला आमच्याकडे पेरणीला पाठव, मग बोलू." तिला हसू फुटलं आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. ही मेनोनाइट पंथाची मंडळी हसल्यावर देवाची क्षमा मागतात.

नाताळात तू म्हणत होतीस, तुम्ही थंडीला न भिणारी झाडं तयार करताय. मी तेव्हा पिरोहीच्या करंज्या लाटत होते, लक्ष नव्हतं. आता आहे. काय करता ते साध्या भाषेत लिही. मी आठवीपर्यंतच शिकले, पण बिनडोक नाही.

तुझी,
स्तेफा आत्या

---

सास्काटून
३ जुलै १९९९

लाडक्या आत्या,

हे पत्र मुद्दाम सावकाश लिहितेय, 'स' आणि 'झ' वेगळे काढत.

बागेच्या भिंतीच्या फटीत एक बोटभर तण उगवतं. कनोल्याचंच चुलत भावंड, पण दोघांची ओळखसुद्धा नसल्यासारखी. त्या तणाला दहिवराचं काही वाटत नाही. थंडी जाणवली की त्याच्या पेशींमध्ये एक मुकादम जागा होतो. तो स्वतः काही करत नाही, फक्त हाका मारतो: तू साखर जमव, तू पेशीची भिंत मऊ ठेव, तू पाणी बाहेर काढ, म्हणजे आतल्या आत बर्फाचे खिळे होऊन पेशी फुटणार नाही. आणि सगळे कामाला लागतात.

कनोल्याकडेही असले कामगार आहेत, आत्या. हे मला कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसत सुटले. कामगार आहेत, पण त्यांचा मुकादम आळशी. तो उठेपर्यंत घर जळून गेलेलं असतं. म्हणून आम्ही तणातला मुकादम कनोल्यात आणला. मातीत एक जिवाणू असतो, तो झाडांत स्वतःच्या जनुकांचा मजकूर घुसवण्यात पटाईत; त्याच्याच हाती आमचा मजकूर दिला. सांगायला चार ओळी, करायला चार वर्षं गेली.

मागच्या महिन्यात थंड कपाटात साधी रोपं आणि आमची रोपं शेजारीशेजारी ठेवली आणि पारा शून्याच्या खाली बराच उतरवला. सकाळी साधी रोपं लोळलेली. आमची उभी! मी ती पेटी डोक्यावर घेऊन नाचणारच होते, पण डॉ. ओलाफसन दारात उभे होते. आमचे प्रमुख. ते नाचणाऱ्या माणसांकडे आइसलंडच्या बर्फासारखे बघतात.

तुझं शेत गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. शरदात ये ना इकडे. तुला माझी झाडं दाखवते.

तुझी,
लेस्या

---

स्प्रूस बेंड
२१ नोव्हेंबर १९९९

लेस्या,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारी एक बाई साऱ्या वाटेवर तिच्या गुडघ्याबद्दल बोलत होती. मी तिला तुझ्या झाडांबद्दल सांगितलं, तेव्हा कुठे ती झोपली.

आता जे तिथे तुझ्या तोंडावर बोलले नाही ते लिहिते. तू मला पत्रात 'उभी' म्हणाली होतीस. किती उभी ते म्हणाली नव्हतीस. अगं, माझ्या घोट्याएवढी झाडं! शेजारची साधी रोपं माझ्या खांद्याला लागत होती, फुलून पिवळीजर्द. आणि तुझी ती, गडद हिरवी, गाठ मारल्यासारखी, फूल नाही की शेंग नाही. खिडकीत जिरेनियमशेजारी ठेवायला छान आहेत. पेरून काय करू? वाकून वाकून कंबरडं मोडायचं आणि वाटीभर तेल काढायचं?

तू ते मला आधी सांगितलं नाहीस, याचा मला जास्त राग आला. मी काय कोठारावरचा माणूस आहे, तोंड वाकडं करायला?

पण एक गोष्ट. तू त्या थंड कपाटाचं दार उघडलंस आणि त्या मेलेल्या लगद्यातून ती ठेंगणी पोरं ताठ वर बघत होती. ते मी विसरणार नाही. दहिवर पडल्यावर सकाळी शेतात जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा अशा सकाळी काहीतरी उभं दिसलं.

मी आणलेला होलुब्त्सीचा, कोबीच्या भरल्या पानांचा, डबा फ्रीजरमध्ये ठेव. तू फार वाळली आहेस.

आत्या

---

सास्काटून
१६ डिसेंबर १९९९

आत्या,

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी रुसले होते. आता सरळ सांगते. ठेंगणेपणा मला आधीपासून माहीत होता. लिहायची हिंमत झाली नाही. तुझ्याकडे पीक नव्हतं आणि माझ्याकडे निदान एक आनंदाची बातमी होती. ती अर्धी होती, म्हणून मी पूर्ण करून सांगितली.

ठेंगणी का राहतात तेही आता नीट कळलंय. आम्ही मुकादम आणला आणि त्याला झोपूच दिलं नाही. उन्हाळा असो, दुपार असो, तो आपला ओरडतोय: थंडी आली, थंडी आली! बिचारे कामगार रात्रंदिवस सरपण गोळा करतात, वाढायला सवड कुणाला? आम्ही शूर झाड केलं नाही. भेदरलेलं झाड केलं.

ओलाफसन माझं पूर्ण नाव घेत म्हणाले, "लारिसा, काम सुंदर आहे. पण सुंदर कामाला शेंगा लागत नाहीत." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं आहे.

मग परवा स्नान करताना डोक्यात आलं (हसू नकोस), की मुकादमाला काढायचं नाही, त्याच्या खोलीचं दार बदलायचं. थंडी वाजली तरच उघडेल असं दार. एरवी त्याने खुशाल घोरावं. अशी दारं निसर्गात आहेत. दुसऱ्या देशांतल्या लोकांनी तसल्याच तणांवर करूनही पाहिलंय. कनोल्यात जमेल का ते कुणालाच माहीत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी करणार आहे.

लेस्या

---

सास्काटून
११ फेब्रुवारी २००१

लाडक्या आत्या,

वर्षभरात मी तुला फक्त कार्डं पाठवली, आणि तू एकदाही टोमणा मारला नाहीस, त्यावरून कळलं की तुला काळजी वाटतेय. म्हणून हे मोठं पत्र.

झाडं माझ्या खांद्यापर्यंत आली आहेत. फुलतात. शेंगा धरतात. साध्या कनोल्याशेजारी ठेवली तर मलाही चिठ्ठी वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. आणि कपाटात पारा उतरवला की ती तगतात. सगळी नाही, पण पुष्कळ. पहिल्यांदा शेंग दिसली तेव्हा मी ओलाफसनना बोलवायला धावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि शेंग बोटांत धरून म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे बँड-बाजा.

आता अडचण. आमच्या कपाटातली थंडी सभ्य पाहुण्यासारखी येते, आधी कळवून, पायरी-पायरीने. तुझ्याकडची तशी येते का? वारा, ओली माती, आदल्या दिवशीचं ऊन, हे काही आम्हाला पेटीत भरता येत नाही. या झाडांना खऱ्या शेतात, खऱ्या दहिवरात उभं करायला हवं. सरकारी परवानगीला अर्ज केला आहे. जागा उत्तरेची, जंगलाच्या कडेची, उशिरा दहिवर पडणारी हवी.

तुझ्या घरामागचा तुकडा देशील? नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही. फार दिवस नाही.

लेस्या

---

स्प्रूस बेंड
४ मार्च २००१

लेस्या,

तुकडा घे. त्यात विचारायचं काय?

पण नेटीला कळलं आणि मोठं रामायण झालं. ती स्वयंपाकघरात आली, कोट काढला नाही, खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "स्तेफा, माझ्या मधमाश्या तुझ्या शेतावर येतात. माझा मध जर्मनीला जातो. ते लोक प्रत्येक पिंप तपासतात. त्यात तुझ्या भाचीचे परागकण निघाले तर माझं काय?" मी म्हटलं, "आजूबाजूला अर्धा कनोला आधीच कंपन्यांनी बदललेला आहे, तेव्हा तुझ्या माश्या काय डोळे मिटून उडतात?" ती म्हणाली, "ती माणसं माझ्या मैत्रिणी नाहीत. तू आहेस." आणि गेली.

आम्ही इतकी वर्षं शेजारी. तुझे काका गेले तेव्हा पहिला दिवा तिने लावला होता. तेव्हापासून आजपर्यंत ती कोट न काढता कधी गेली नव्हती.

मी तुला तुकडा दिला आहे, शब्द फिरवणार नाही. पण तूच तिला काहीतरी लिही. मला तिच्याशी बोलायला गेलं की भांडणच होतं.

आत्या

---

सास्काटून
१२ मार्च २००१

आदरणीय नेटीबाई,

स्तेफा आत्याने तुमचं म्हणणं मला कळवलं. तुम्हाला घाबरायचं कारण नाही, असं मी लिहिणार नाही. वाऱ्याला आणि मधमाशीला मी शब्दात बांधून ठेवू शकत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मी एवढं करू शकते. कनोला जूनच्या शेवटाकडे फुलतो. मला जे बघायचंय ते कोवळ्या रोपांवरचं दहिवर, ते त्याआधीच पडतं. म्हणून पहिलं फूल उमलायच्या आत सगळी रोपं कापून जाळू. परागकण तयारच होणार नाहीत. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात काही पेरायचं नाही, आणि चुकून काही उगवलंच तर उपटायचं. तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन बघा, कुंपणाच्या कुलपाची एक किल्ली तुमच्याकडे राहील.

यामुळे शेंगांची मोजणी मला या वर्षी मिळणार नाही. आमचे प्रमुख त्यावर नाराज आहेत. पण आत्याने जो तुकडा दिला त्याच्याबरोबर तिची मैत्रीण गेली, तर तो मला फार महाग पडेल.

आपली,
लारिसा

---

स्प्रूस बेंड
१९ मार्च २००१

डॉ. लारिसा यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही वाऱ्याबद्दल जे लिहिलं ते वाचून मी पुढचं वाचलं. नाहीतर वाचलं नसतं.

मला हे काम पसंत नाही. बी जसं आहे तसं आजोबांकडून आपल्याकडे आलं आणि तसंच पुढे जावं, असं मला वाटतं. पण किल्ली मी घेते, आणि मी येऊन बघेन. कळी पिवळी दिसायला लागली की मी थांबणार नाही, स्वतः कापेन.

तुमची आत्या हट्टी आहे. तिची काळजी घ्या.

नेटी फेर

---

स्प्रूस बेंड
२८ मे २००१

लेस्या,

तुझी माणसं येऊन पेरून गेली, कुंपण घालून गेली. ससेही आत येत नाहीत आणि मीही, किल्ली शोधल्याशिवाय.

आता ऐक, आणि कुणाला सांगू नकोस. दहिवर नाही! महिना उलटला, एक पांढरी सकाळ नाही. ऊन असं की लोक बाह्या वर करून हिंडतात. गावात जो तो म्हणतो, "काय सुंदर वसंत आहे!" आणि मी मान डोलावते. रविवारी चर्चमध्ये फादरनी अनुकूल हवेबद्दल देवाचे आभार मानले, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही 'आमेन' म्हटलं, आणि मनात म्हटलं, देवा, एकच कडाक्याचं, मेहेरबानी कर. मग लक्षात आलं की माझाही सगळा कनोला मोठ्या शेतात उघडा उभा आहे, नेटीचा भाजीपालाही. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्याला आता मी खिडकीतून हाका मारतेय. वेड लागलंय मला.

नेटी रोज संध्याकाळी येते. कुंपणापाशी उभी राहते, रोपं बघते, मग आत येऊन चहा घेते. कोट काढते हल्ली.

आत्या

---

सास्काटून
२ जून २००१

आत्या,

तुझं पत्र वाचून हसले, मग घाबरले.

ऊन फार झालं आहे. झाडं थंडीला हळूहळू सरावतात. गार रात्री सोसून थोडी कणखर होतात. या वसंतात त्यांना सवय व्हायला वेळच मिळाला नाही. आता एकदम दहिवर पडलं तर ते सगळ्यात वाईट. आणि माझं दार, आठवतंय ना, थंडी वाजल्यावरच उघडतं. मुकादमाने उठायचं, कामगारांना हाका मारायच्या, त्यांनी काम उरकायचं, याला काही तास लागतात. गरम दिवसानंतर पारा धाडकन कोसळला तर तेवढा वेळ मिळेल का? मला माहीत नाही. कपाटात कधी असं करून पाहिलंच नाही.

कळ्या धरायला लागल्या की तुकडा कापायचाच आहे. तोवर दहिवर नाही पडलं तर नाही पडलं. तू त्याची चिंता करू नकोस. इकडे सगळं ठीक आहे.

लेस्या

---

स्प्रूस बेंड
९ जून २००१

लेस्या,

परवा फोनवर मी फक्त "ये" म्हटलं आणि ठेवला. तू उद्या पोचशील, पण मला हे आत्ताच लिहायचंय, आलीस की हातात ठेवीन. तू आल्यावर आपण दोघी बडबडत राहू आणि हे राहून जाईल.

बुधवारी दुपारपर्यंत घाम येत होता. चारच्या सुमाराला उत्तरेचा वारा फिरला, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं आणि मग वाराही पडला. मला कळलं. म्हाताऱ्या हाडांना कळतं. मी जुन्या चादरी, रजया काढून टोमॅटोवर घालायला लागले. नेटी स्वतःचं झाकून तशीच मला मदतीला धावली. आम्ही दोघी वाकून एकेक टोक दगडाखाली दाबत होतो, तेव्हा तिने कुंपणाकडे बघितलं आणि विचारलं, "त्यांच्यावर काही नाही घालायचं?"

मी म्हटलं, "नाही. तेच तर बघायचंय."

तिने आणखी एक दगड ओढून टोकावर ठेवला. मग म्हणाली, "बिचारी."

खोटं कशाला सांगू, माझ्या हातात एक रजई उरली होती आणि माझा पाय तिकडे वळला होता. नेटीनेच माझ्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, "पोरीने एवढी वर्षं घातली आहेत यात. उगाच मधे पडू नकोस."

सकाळी उजाडलं तेव्हा बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ. गवत चालताना मोडत होतं. मी कुंपणाशी गेले तर सगळीच रोपं पांढरी, सगळीच वाकलेली, तुझी कुठली आणि साधी कुठली काही कळेना. मी तिथेच बसले. वाटलं, झालं. पोरीचा मुकादम झोपूनच राहिला.

ऊन वर आलं. पांढरं उतरलं, थेंब झाले. साध्या ओळी काळपट पडत चालल्या, ते मी जन्मभर बघत आले. पण मधल्या ओळी... लेस्या, त्या उठल्या. झटक्यात नव्हे. आजारातून माणूस उशीवरून मान उचलतो ना, तशी सावकाश. पान फिकट होतं, कडा करपलेल्या, पण मधला जीव हिरवा. दुपारी बऱ्याचशा सरळ उभ्या होत्या. काही गेल्याच, हे लपवत नाही. पण अर्ध्याहून पुष्कळ जास्त जगल्या. साध्या ओळीत एकही नाही.

नेटी आली. कुलूप काढून आत गेली, गुडघ्यांवर बसली, एका रोपाचं पान बोटावर घेतलं. मग शेजारच्या रोपाचंही बघितलं. मी म्हटलं, "काय म्हणतेस?" ती म्हणाली, "चांगलं आहे, स्तेफा. मला नकोच आहे ते अजूनही. पण चांगलं आहे."

माझं बाकी सगळं ठीक आहे. परत जाताना गाडी सांभाळून चालव. हरणं रस्त्यावर येतात.

आत्या

---

सास्काटून
१७ जून २००१

आत्या,

'माझं बाकी सगळं ठीक आहे.' असं लिहिलं होतंस ना?

वळणावरून मी तुझं मोठं शेत पाहिलं. टोकापासून टोकापर्यंत काळं. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि थोडी रडले, मग तोंड पुसून तुझ्या दारात आले, आणि तू हातात लाटणं घेऊन, पीठ लागलेल्या गालांनी म्हणालीस, "आधी तुझी झाडं बघ." मी चार दिवस रोपं मोजत होते आणि तू मला एकदाही त्या शेताकडे बघू दिलं नाहीस. प्रत्येक वेळी खिडकीकडे पाठ करून तूच उभी राहायचीस.

मी तुला फसवून पूर्ण आनंद सांगितला होता, तेव्हा तू रागावली होतीस. आता मी रागावू का?

पण माझ्याकडेही लपवलेली एक गोष्ट आहे. मे महिन्यातच ठरलं होतं की उन्हाळ्यानंतर हे काम बंद. उत्तरेच्या कडेला किती लोक पेरतात, एवढ्याशा शेतकऱ्यांसाठी कोण खर्च करणार, असा हिशोब. माझं टेबल दुसऱ्याला द्यायचंही ठरलं होतं. 'इकडे सगळं ठीक आहे' असं मी लिहिलं तेव्हा मी पुस्तकं खोक्यात भरत होते.

परवा आमची बैठक झाली. मी मोजणी मांडली, तुझ्या तुकड्याचे फोटो मांडले: डावीकडे काळी ओळ, उजवीकडे हिरवी.  मग ओलाफसन उठले. ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं या प्रांतात राहतो. माझ्या वडिलांचं शेत अशाच एका सकाळी गेलं आणि त्यानंतर ते परत पेरायला उठले नाहीत. मला हा फोटो त्यांना दाखवता आला असता तर बरं झालं असतं." आणि बसले. मला हे काही माहीत नव्हतं, आत्या. इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी काम केलं.

काम चालू राहणार आहे. पुढचा टप्पा शेंगांचा, त्यासाठी दूर, मधमाश्या नाहीत अशी जागा शोधतोय. नेटीबाईंना सांग. आणि अजून खूप उरलंय. हे बी तुझ्या पेरणीयंत्रात पडायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित पडणारही नाही. मी तुला अर्धी बातमी देणार नाही आता.

रोपांना कळ्या दिसायला लागल्या असतील. कापायची वेळ झाली. मी शुक्रवारी माणसं पाठवते.

तुझी,
लेस्या

---

स्प्रूस बेंड
२५ जून २००१

लेस्या,

तुझ्या माणसांनी यायच्या आधी नेटी आली. हातात विळा. म्हणाली, "एका कळीला पिवळं दिसतंय." मी गेले, बघितलं. खरंच, नखाएवढं पिवळं. एका दिवसात उमललं असतं.

मोठ्या शेतात मी ओट्स पेरले आहेत, उशिराचे. जे येईल ते येईल, गुरं खातील. त्या शेताबद्दल तुला न सांगणं बरोबर होतं, असंच मला अजून वाटतं. तुझ्या त्या सकाळीत माझं रडणं कालवायचं नव्हतं. त्यावर आपण नाताळात भांडू.

तुझी माणसं आली, तशी आम्ही दोघींनी त्यांना बाजूला उभं केलं आणि स्वतः कापलं. तुला चालेल ना? परवानगीच्या कागदावर कुणी कापायचं ते लिहिलेलं नाही, मी विचारून घेतलं. कमरेत वाकून, एकेक. दहिवरातून वाचलेलं रोप मी जन्मात कधी कापलं नव्हतं, कारण वाचलेलं कधी बघितलंच नव्हतं. देठ जाड झाले होते, विळ्याला करकर आवाज येत होता. करपलेल्या जुन्या पानांच्या वर नवी पानं, अशी निळसर, रुंद, जणू काही झालंच नाही.

मधे एकदा मला थांबावंसं वाटलं. नेटीने बघितलं आणि माझ्या ओळीतली पुढची चार-पाच रोपं तिने कापली.

सगळं जाळलं. हिरवं होतं, पेटायला वेळ लागला, धूर फार झाला. तुझा एक माणूस वही घेऊन उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला धुरामुळे. मग सगळ्यांना मी जेवायला वाढलं.

लेस्या, मला तोंडावर बोलता येत नाही. तुझ्या बापालाही येत नव्हतं, आमच्या घराण्यालाच ते जमत नाही. आम्ही टोमणे मारतो आणि ताटात जास्त वाढतो. म्हणून इथे लिहिते. हे जे तू केलंस, ते फार मोठं आहे. माझ्या शेतात ते कधी आलं नाही तरी मोठंच आहे. माझी आई या जमिनीवर आली तेव्हा पहिल्या तीन वर्षांत तिच्या पिकाला तीनदा दहिवराने खाल्लं. ती म्हणायची, इथे आपल्याला नुसतं सोसायचंय. मी तिचं ऐकलं आणि सोसत आले. तू ऐकलं नाहीस. तू विचारलंस, पण रोपाने का सोसावं?

त्या गुरुवारी सकाळी मी कुंपणाशी बसले होते, तेव्हा पहिलं रोप मान उचलताना मी पाहिलं. मी तिथे होते. बाकी कुणी नव्हतं, तूसुद्धा नव्हतीस. ते मी कुणालाही देणार नाही.

तुझी,
स्तेफा आत्या